दूर गेलेल्यांचा देश

आमच्या हिंगोलीचा एक जुना विद्यार्थी आखातात नोकरीला आहे. निवडणूक आली की त्याचा फोन येतो, "सर, आपल्याकडे काय चाललंय?" लोक म्हणतात, तिकडे राहून याला कशाला पंचाईत?

मला मौलवी बरकतुल्लाह भोपाळी आठवतात. ते टोकियोत उर्दू शिकवत. १९१५ साली काबूलच्या हंगामी हिंद सरकारचे पंतप्रधान झाले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत गदर चळवळीत होते. १९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून 'गदर'चा पहिला अंक निघाला, तोही उर्दूत. परक्या मुलखात माणूस देशावरूनच ओळखला जातो. देश गुलाम, तर त्याचीही मान खाली. खानखोजे स्वातंत्र्यानंतर परतले. मौलवीसाहेब १९२७ मध्ये अमेरिकेतच दफन झाले.

२०११ पासून परदेशस्थ नागरिकाला मतदारयादीत नाव नोंदवता येते, पण मत द्यायला गावीच यावे लागते. माझ्या विद्यार्थ्याला तेवढी रजा मिळत नाही. आईवडील, लेकरांची शाळा, सगळे मात्र इथेच आहे. मग त्याने विचारायचे नाही, तर कोणी?