बांगड्याचं तेलुगू नाव

मालवणच्या रापणीत सापडलेला बांगडा शास्त्रज्ञांच्या वहीत ‘रास्ट्रेलिगर कानागुर्ता’ म्हणून नोंदला जातो. यातला ‘कानागुर्ता’ लॅटिनही नाही, ग्रीकही नाही. तो तेलुगू शब्द आहे, विशाखापट्टणमच्या मासेमारांचा. कोकण-गोव्याच्या ताटातल्या माशाला जगभरासाठी पूर्व किनाऱ्याचं नाव मिळालं, ते एका चित्रामुळे.

पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर 1780 च्या दशकात विशाखापट्टणमला होता. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला मद्रास इलाख्यात निसर्ग-अभ्यासासाठी नेमलं. घोणस सापाच्या शास्त्रीय नावात ज्याचं नाव आहे, तोच हा रसेल. किनाऱ्यावर येणाऱ्या माशांची चित्रं त्याने भारतीय चित्रकाराकडून काढून घेतली आणि 1803 मध्ये लंडनला त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ छापला. दोनशे मासे, असं शीर्षकातच म्हटलं आहे. त्याने केलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. चित्रासोबत त्याने माशाचं तेलुगू नाव, कानाला ऐकू आलं तसं, रोमन लिपीत लिहून ठेवलं.

पॅरिसमध्ये जॉर्ज क्यूव्हिए तेव्हा सगळ्या प्राणिसृष्टीचं वर्गीकरण करत होता. रसेलचं 136 वं चित्र त्याच्यापुढे आलं आणि 1816 मध्ये त्याने त्या माशाला ‘स्कॉम्बर कानागुर्ता’ असं नाव दिलं. त्या नावाला आधार चित्राचा होता, जपून ठेवलेल्या माशाचा नव्हता. पुढे 1908 मध्ये ‘स्कॉम्बर’ जाऊन ‘रास्ट्रेलिगर’ आलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दाताळं वाहणारा. बांगड्याने जबडा उघडला की कल्ल्यांतले लांब, दाट काटे दिसतात. तोंडात आलेल्या पाण्यातून बारीक जीव तो त्यांनीच गाळून घेतो. नावाचा पहिला भाग असा तोंडात डोकावून ठेवलेला, दुसरा विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ऐकलेला.

आपला ‘बांगडा’ शब्दही एकटा नाही. कोकणीत बांगडो, तुळू आणि कानडीत बंगुडे. तमिळ किनाऱ्यावर मात्र काणांगेळुत्ती, म्हणजे कानागुर्ताचंच सख्खं भावंड वाटावं असं नाव, आणि केरळात अगदी वेगळं, अयला. बांगडा आणि बांगडी यांचं नातं जोडायचा मोह होतो, पण मला ते मान्य नाही. कानडीत बांगडीला बळे म्हणतात आणि माशाला बंगुडे. नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही.

सुरमईची गोष्ट याच्याच शेजारची. मराठी नाव सुरम्याच्या निळसर राखी रंगावरून आलेलं. ताजी सुरमई पाहिलेल्याला ते समजावून सांगावं लागत नाही. शास्त्रीय नाव ‘स्कॉम्बेरोमोरस कॉमर्सन’. फिलिबर कॉमर्सन हा फ्रेंच निसर्ग-अभ्यासक 1773 मध्ये मॉरिशसला वारला. त्याचे कागद आणि चित्रं पॅरिसला पोचली, आणि त्यांवरून लासेपेद याने 1800 च्या सुमारास या माशाचं वर्णन केलं. इथे कोळ्याचा शब्द कागदावरून पुढे गेला नाही, म्हणून माणसाचं नाव चिकटलं. रंग सांगणारं आपलं नाव मला कितीतरी सरस वाटतं.

तिसरा मासा कर्ली. तिच्या ‘किरोसेंट्रस डोराब’ या नावातला डोराब अरबी आहे. तो नोंदवणारा पीटर फोर्सकाल डॅनिश राजाच्या मोहिमेत होता. 1763 मध्ये येमेनमध्ये तापाने गेला. मोहिमेचा चित्रकार बाउरेनफाइंड त्याच वर्षी मुंबईकडे येताना जहाजावरच वारला. मुंबईला पोचलेल्या त्यांच्या साथीदाराने, कार्स्टेन नीबूरने, पुढे फोर्सकालचं लेखन 1775 मध्ये छापलं, म्हणून तो अरबी शब्द आज कर्लीच्या नावात आहे.

तेलुगू, अरबी, फ्रेंच. आपल्या किनाऱ्यावरचे तीन नेहमीचे मासे आणि त्यांच्या शास्त्रीय नावांत मराठी शब्द एकही नाही. याचं कारण मराठीत शब्द कमी होते हे नव्हे. ज्या किनाऱ्यावर कोणी मासा पुढ्यात घेऊन, शेजारी माणसाला विचारून नाव टिपलं, त्या किनाऱ्याचा शब्द टिकला.

शास्त्रीय नावांचा हा दुसरा भाग आता सहसा बदलणार नाही, बदलूही नये. पण हलवा, सरंगा, कापरी, मुडदुशी, वाकटी ही नावं अजून बंदरांवर जिवंत आहेत आणि गावागणिक बदलतात. एकाच माशाला वसईत काय म्हणतात, हर्णैत काय, वेंगुर्ल्यात काय, हे तिथल्या कोळिणींना, रापणकारांना विचारून घ्या. माशाचा स्वच्छ फोटो काढा, खाली नाव, गाव आणि तारीख लिहा. रसेलने याहून फार वेगळं काही केलं नव्हतं.