चुलीपुढचं ज्ञान

कमी श्रमात काम कसं उरकावं, हा सल्ला कारखान्यांना देणं हा अमेरिकेतल्या लिलियन गिल्ब्रेथ आणि त्यांचे पती फ्रँक यांचा व्यवसाय होता. जून १९२४ मध्ये फ्रँक अचानक वारले. पदरी अकरा मुलं. तरी काही दिवसांतच लिलियनबाई जहाजाने युरोपला गेल्या. लंडन आणि प्रागच्या परिषदांत पतीच्या जागी उभ्या राहिल्या.

पण कारखानदारांना बाईचा सल्ला नको होता. कामं तुटली. मग त्यांनी घरीच वर्ग घेतले आणि स्वयंपाकघर अभ्यासाला घेतलं : ओटा किती उंच हवा, पावलं कुठे वाचतील. हाच सल्ला मोठ्या कंपन्यांनी पैसे मोजून घेतला. १९३५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात त्या प्राध्यापक झाल्या.

मैत्रिणींनो, चुलीपुढचं आपलंही ज्ञान फुकटचं समजू नका.