बंद झालेल्या विजेऱ्या आणि पाठभेदांचा प्रश्न

वस्तूंचा इतिहास लिहिताना आपल्याकडे एक मर्यादा नकळत पाळली जाते. समई, लामणदिवा, निरांजन, पालखीपुढची मशाल यांविषयी आपले अभ्यासक आस्थेने लिहितात. उंबऱ्याशेजारी खिळ्याला अडकवलेल्या तीन सेलच्या बॅटरीविषयी मात्र कोणी लिहीत नाही. वस्तुत: विसाव्या शतकातला मराठी शेतकरी रात्री पाणी धरायला गेला, सुईणीला बोलावायला कोणी अंधारात निघाले, गोठ्यात साप शोधला गेला, ते बहुतेक या बॅटरीच्याच उजेडात. तेलाचा दिवा संस्कृतीत जमा झाला आणि सेलचा दिवा भंगारात गेला. या विभागणीमागचा विचार तपासावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आधी शब्दांकडे पाहू. पाठ्यपुस्तकांनी ‘विजेरी’ हा शब्द दिला, परंतु तो बोलीत फारसा रुजला नाही. ‘चोरबत्ती’ हा शब्द काही ठिकाणी ऐकू येई. ज्याच्या हाती दिवा आहे तो स्वत: अंधारात राहतो, हे त्यात नेमके सांगितलेले आहे. रोजच्या बोलण्यात मात्र संपूर्ण दिव्यालाच ‘बॅटरी’ म्हणतात आणि आत घालायचे ते ‘सेल’. अंशाचे नाव पूर्णाला मिळाल्याचे हे चांगले उदाहरण आहे. या दिव्याचे नवल त्याच्या उजेडापेक्षा त्याच्या पोटात साठवलेल्या विजेचे होते, हे या नावावरून कळते.

या साधनाचे पहिले महत्त्वाचे पेटंट अमेरिकेत डेव्हिड मिझेल यांना १० जानेवारी १८९९ रोजी मिळाले. कागदी नळी, आत कोरडे सेल, टोकाला छोटा बल्ब आणि परावर्तक अशी त्याची रचना होती. तेव्हाचे सेल इतके दुबळे होते की दिवा सलग जळत नसे, क्षणभर चमकून विझे. त्याचे इंग्रजी नाव ‘फ्लॅशलाइट’ त्यावरूनच पडले. भारतात एव्हरेडी हे नाव घरोघर नेणारी कंपनी १९३४ मध्ये स्थापन झाली आणि १९५८ मध्ये लखनौला तिचा टॉर्चचा कारखाना निघाला. अलाहाबादची ‘जीप’ ही तिची मोठी प्रतिस्पर्धी. पितळी किंवा ॲल्युमिनियमची नळी, वर चकचकीत मुलामा, अंगठ्याने सरकवायचे बटण, मागच्या झाकणात स्प्रिंग ही ठेवण आपल्या पिढ्यांच्या हाताला ओळखीची आहे. दोन सेलची बॅटरी घरची, तीन सेलची शेताची आणि पाच सेलची लांबलचक बॅटरी रानातून फिरणाऱ्याची. ही शेवटची जवळ असणे गावात प्रतिष्ठेचे मानले जाई.

याच इतिहासात एक काळी रात्रही आहे. एव्हरेडीचे सेल आणि टॉर्च बनवणारी युनियन कार्बाइड इंडिया आणि २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये ज्या कारखान्यातून विषारी वायू सुटला त्याची मालक, या दोन वेगळ्या कंपन्या नव्हत्या. १९९४ मध्ये अमेरिकी मूळ कंपनीने आपला हिस्सा विकला आणि त्यानंतर भारतीय कंपनीचे नाव ‘एव्हरेडी इंडस्ट्रीज इंडिया’ झाले. सेलवरचे जुने नाव गेले, व्यापारचिन्ह तेच राहिले. जुना सेल किंवा त्याचे वेष्टन हा म्हणूनच निव्वळ स्मरणरंजनाचा विषय ठरत नाही, तो पुरावाही असतो.

दिवे जमवण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करायला आरंभ केला आणि बालपणीच निवर्तलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने पुण्यात संग्रहालय उभे केले. दिव्यांवर त्यांचे विशेष प्रेम होते. भारतीय दिव्यांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. केळकरांची दृष्टी कारागिराच्या हाताचा शोध घेणारी होती. यंत्रावर हजारोंनी निघालेल्या वस्तूला त्या दृष्टीत साहजिकच जागा कमी. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील मात्र मराठी स्मृतीत टिकला, कारण १९१६ मध्ये सुरू झालेल्या त्या काच कारखान्याला स्वदेशीच्या चळवळीची प्रभावळ होती. टॉर्चला हाताची कारागिरीही नाही आणि चळवळीचे पुण्यही नाही.

टॉर्चचे संग्राहक जगात आहेत, पण त्यांची रीत केळकरांच्या अगदी उलट आहे. ते बंद झालेले दिवे जमवतात आणि मग त्यांत फेरफार करतात. अमेरिकेत १९७९ मध्ये आलेला ‘मॅगलाइट’ हा जाड ॲल्युमिनियमचा टॉर्च या छंदाचा पाया ठरला. त्याच्या तीन सेलच्या नळीत पुनर्भारित होणारे नऊ छोटे सेल बसवायचे आणि वैद्यकीय उपकरणांचे दिवे करणाऱ्या वेल्च ॲलिन कंपनीचा ११८५ क्रमांकाचा हॅलोजन बल्ब लावायचा. या जोडणीला छंदिष्टांनी ‘मॅग ८५’ असे नाव दिले. त्या बल्बच्या उष्णतेपुढे मूळचे प्लास्टिक तग धरत नसे, म्हणून परावर्तक धातूचा आणि पुढचे भिंग काचेचे करावे लागे. पुढे एलईडी आले. १९९३ मध्ये शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी सिद्ध केला. त्यातूनच पांढऱ्या एलईडीची वाट खुली झाली आणि २०१४ मध्ये आकासाकी व आमानो यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आता तारेचा बल्ब काढून तेथे एलईडी बसवणे हाच मुख्य फेरफार होऊन बसला आहे. गंमत अशी की एलईडीसुद्धा बंद होतात, आणि निचिया कंपनीच्या ‘२१९ बी’सारखा एलईडी त्याच्या उजेडात रंग खरे दिसतात म्हणून बंद झाल्यावरही शोधला जातो.

हा परदेशी सुखवस्तूंचा उद्योग आहे, असे म्हणून तो बाजूला सारता येईल. पण त्यासाठी भिवंडी विसरावी लागेल. भिवंडीहून वाड्याकडे जाताना कामवारी नदीच्या परिसरात शेलार हे गाव लागते. माग आणि गोदामे या दोहोंनी वेढलेला हा पट्टा. भिवंडीचा यंत्रमाग उभा राहिला तो मोठ्या प्रमाणात कापडगिरण्यांनी टाकून दिलेल्या जुन्या मागांवर. गिरणीच्या हिशेबी ज्याचे आयुष्य संपले, तो माग येथे विकत घेतला गेला, त्याला मोटर जोडली गेली, झिजलेला भाग ओतून बदलला गेला आणि तो पुन्हा कापड विणू लागला. १९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईचे काम या बाजूला वळले, तेव्हा ते याच दुरुस्त मागांवर आले. जॉबरच्या हातची ही विद्या कोणत्याही पुस्तकात नाही. शेलारच्या मागावर जे गरजेपोटी झाले तेच संग्राहक हौसेने करतो: कारखान्याने ज्याचा शेवट ठरवला, त्याचा शेवट तो मान्य करत नाही.

आपल्या तीन सेलच्या बॅटरीचेच उदाहरण घेऊ. तिच्या मोठ्या सेलचा व्यास सुमारे ३४ मिलिमीटर असतो. त्या नळीत १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम सेल प्लास्टिकच्या नळकांड्यात धरून बसवता येतो, वॅटभर वीज खाणाऱ्या पिवळ्या बल्बच्या जागी एलईडी येतो आणि आजोबांची बॅटरी शंभर पावलांऐवजी शेताच्या पलीकडच्या बांधापर्यंत पोचते. यात जोखीमही आहे. एलईडीची उष्णता धातूच्या नळीत नीट उतरली नाही तर तो जळतो, आणि लिथियम सेलच्या टोकांचा चुकून संबंध आला तर तो पेट घेऊ शकतो. तरीही बॅटरी पुन्हा खिळ्यावरून हातात येते, ही काही लहान गोष्ट नव्हे.

मग हरवते काय? जुन्या बल्बचा उजेड एकसारखा नसे. तारेची सावली, परावर्तकाची वलये, मधला पिवळा डाग आणि भोवतीची काळी कडी असे त्याचे रूप होते. सेल उतरत चालले की तो तांबूस होई, आणि मग ते सेल उन्हात ठेवून त्यांच्याकडून आणखी दोन रात्री काढून घेतल्या जात. त्या काळच्या कथा-कादंबऱ्यांत अंधारात फिरणारा उजेडाचा झोत येतो तो असा आहे. पांढऱ्याशुभ्र एलईडीच्या सवयीने वाचणारा विद्यार्थी त्या प्रसंगातला अंधार चुकीचा मोजतो. मुलामा घासून नवा केला, झिजलेले बटण बदलले, तळाशी गळलेल्या सेलची पांढरी पूड खरवडली, की वापराच्या खुणाही जातात.

साहित्याच्या अभ्यासकांना हा पेच परका वाटू नये. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत भर घालू नये, असे बजावले. त्या शुद्धीकरणामुळे ग्रंथ जिवंत राहिला, वाचला गेला, हे निर्विवाद आहे. परंतु कोणत्या पाठाच्या जागी कोणता पाठ आला, ही नोंद त्या प्रतीत आपल्यासाठी राहिली नाही. म्हणून तर एकनाथपूर्व पाठाचा शोध ही अभ्यासकांची ओढ होऊन बसली. राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेली ज्ञानेश्वरी हे तिचेच फळ. याच्या शेजारी भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती ठेवून पाहावी. १९१९ मध्ये आरंभलेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. विष्णु सीताराम सुखठणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत वर निश्चित केलेला पाठ आहे आणि खाली वगळलेले पाठभेद आहेत. संपादकाने निवड केली, पण जे वगळले ते फेकले नाही. पुढच्या वाचकाला त्याच्याशी भांडण्याची सामग्री त्यानेच पुरवली.

आमच्या मते विजेऱ्यांच्या संग्राहकाने हीच पद्धत स्वीकारावी. वस्तू बदलू नये, हा आग्रह संग्रहालयाला शोभतो. पण न पेटणारा दिवा हे त्या दिव्याविषयीचे अर्धेच सत्य आहे. बदल जरूर करावा, मात्र तो उलटवता येईल असा असावा. नळीला नवे भोक पाडण्याआधी विचार व्हावा. काढलेला बल्ब, परावर्तक, स्प्रिंग एका पुडीत बांधून त्याच दिव्याबरोबर ठेवावी आणि आत एक चिठ्ठी असावी: बॅटरी कोणाकडून मिळाली, कोठे वापरली गेली, काय काढले, काय घातले, कोणत्या साली. ही चार ओळींची चिठ्ठी म्हणजे त्या वस्तूची पाठभेद-सूची. तिला खर्च नाही, आणि संग्रहालयाच्या परवानगीचीही गरज नाही.

भिवंडीच्या मागांना अशी चिठ्ठी मिळाली नाही. कोणता भाग कोणत्या गिरणीतून आला, कोणी तो घडवून बसवला, हे सांगणारी माणसे गेली की माग भंगारात लोखंडाच्या वजनाने विकला जातो, आणि त्याबरोबर कामगारांच्या बुद्धीचा एक अध्याय वितळतो. टॉर्चच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. मराठी घरांच्या माळ्यांवर, ट्रंकांच्या तळाशी त्या अजून पडून आहेत. बहुतेकांत सेल गळून गंज चढला असेल. आपल्या विद्यार्थ्यांना पोथीची प्रत तपासायला शिकवणाऱ्यांनी एखाद्या वर्षी ही वस्तूही त्यांच्या हाती द्यावी आणि तिचे वर्णन लिहून घ्यावे.