पाच रेषांबाहेरचे सूर

पियानो वाढत गेला, त्याची लिपी मात्र पाच रेषांतच राहिली. पाश्चात्त्य स्वरलिपीच्या इतिहासातली ही अडचण मला फार बोलकी वाटते.

क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये पियानो घडवला. त्याचा १७२० चा एक पियानो आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याला ५४ पट्ट्या आहेत. मोत्झार्टच्या काळी पियानोचा पल्ला पाच सप्तकांचा होता. लंडनच्या ब्रॉडवूडने १८१७ साली बेथोव्हनला पाठवलेला पियानो सहा सप्तकांचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ८८ पट्ट्या रूढ झाल्या.

आता हे सूर लिहायचे कसे? पाच रेषांत न मावणाऱ्या सुरासाठी वर किंवा खाली छोट्या जादा रेषा काढतात. पियानोच्या सर्वांत वरच्या सुराला अशा नऊ रेषा लागतात, तर सर्वांत खालचा सूर सहाव्या रेषेखाली लोंबतो. लिहिणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं. पण वाजवणारा रेषा मोजत बसला, तर ताल निघून जातो.

मग मुळातच जास्त रेषा का नकोत? तोही प्रयोग झाला होता. फ्रेस्कोबाल्दीचं १६१५ सालचं हार्पसिकॉर्डसाठीचं पुस्तक उजव्या हाताला सहा आणि डाव्या हाताला आठ रेषा देतं. ती पद्धत टिकली नाही. पाच रेषा नजरेला एका झटक्यात कळतात, आठ मोजाव्या लागतात.

टिकली ती ‘ओत्तावा’ची खूण. सुरांवर इटालियन आठचा आकडा आणि तुटक रेघ दिली की लिहिलंय त्याच्या एक सप्तक वर वाजवायचं. डाव्या हाताच्या सुरांखाली दिली, तर एक सप्तक खाली. भातखंडे लिपी वाचणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. तिथेही ‘सा’ तोच राहतो, वर टिंब दिलं की तार सप्तक, खाली दिलं की मंद्र.

पण या सोयीची किंमत आहे. पाच रेषांची लिपी मुळात चित्र आहे: सूर चढला की शाईही चढते. खूण आली की सूर वर जातो आणि शाई खाली उतरते. म्हणून जाणकार छपाईवाले दोन-तीन जादा रेषांना हात लावत नाहीत आणि खूण शक्यतो सुरावटीच्या मध्येच सुरू करत नाहीत. जिथे उंची डोळ्यांना दिसायलाच हवी, तिथे संगीतकारांनी कागदच वाढवला. द्युबुसीने १९१३ च्या प्रेल्यूड्समध्ये दोनऐवजी तीन ओळी घेतल्या, तर राखमानिनोव्हने त्याआधीच, १८९२ मध्ये, एका प्रेल्यूडच्या शेवटी चार.

अचूक लिहिलं म्हणजे आपलं काम संपलं, असं आपण लिहिणारे सहज धरून चालतो. या सगळ्या खटाटोपात मला वाचणाऱ्याची कदर दिसते. कागदावरचा सूर कितीही बरोबर असला, तरी तो वेळेवर वाचता आला नाही, तर कुणाच्या कानापर्यंत पोहोचणार?