कंटेम्पररी डान्स फेस्टिव्हल म्हणजे काय? नव्या डान्सरना त्याची गरज का असते?

२००९ मध्ये टीव्हीवर ‘डान्स इंडिया डान्स’ सुरू झालं आणि परीक्षक टेरेन्स लुईस यांच्यामुळे ‘कंटेम्पररी’ हा शब्द घराघरांत पोहोचला. आज नवी मुंबईतल्या डान्स क्लासमध्येही बॉलिवूड आणि हिप-हॉपसोबत तो शिकवला जातो. पण शिकून झाल्यावर सादर कुठे करायचं?

कंटेम्पररी म्हणजे नेमकं काय?

ही एक ठरलेली शैली नाही. भरतनाट्यममध्ये अलारिप्पू, तिल्लाना अशा परंपरेने आलेल्या रचना असतात. कंटेम्पररीमध्ये रचना डान्सर स्वतः घडवतो. त्यात योग, कलरीपयट्टू, अगदी रोजचं चालणं-पडणंही येऊ शकतं.

मग फेस्टिव्हल कशासाठी?

रिअ‍ॅलिटी शोमध्ये दोन-तीन मिनिटांत टाळ्या मिळवाव्या लागतात. फेस्टिव्हलमध्ये मोठी रचना मांडता येते, प्रकाशयोजनेसह पूर्ण स्टेज मिळतं आणि जाणकारांचा अभिप्रायही मिळतो. चेन्नईच्या प्रकृती फाउंडेशनने २०१२ मध्ये सुरू केलेल्या पुरस्कार स्पर्धेत डान्सर छोटी रचना सादर करतात. विजेत्याला ती पूर्ण लांबीची करण्यासाठी पैसे आणि मार्गदर्शन दिलं जातं. बेंगळुरूच्या ‘अट्टक्कलरी’चा महोत्सव २००० पासून, तर दिल्लीच्या ‘गती’चा ‘इग्नाइट’ २०१० मध्ये सुरू झाला.

मुंबईचा यात काय वाटा?

जानेवारी १९८४ मध्ये नरिमन पॉइंटच्या ‘एनसीपीए’मध्ये मॅक्स म्यूलर भवनच्या पुढाकाराने ‘ईस्ट-वेस्ट डान्स एन्काउंटर’ झालं. भारतीय आणि युरोपीय नर्तक एकत्र आले. बरीच वर्षं स्टेजपासून दूर असलेल्या चंद्रलेखा इथूनच परतल्या आणि १९८५ मध्ये त्यांनी ‘अंगिका’ ही गाजलेली रचना केली. एका महोत्सवामुळे काय घडू शकतं, याचं हे उदाहरण.

मुंबईतच राहणाऱ्या अस्ताद देबू यांनी कथक, कथकली आणि पाश्चात्त्य आधुनिक नृत्य शिकून स्वतःची भाषा शोधली. कर्णबधिर कलाकार आणि रस्त्यावर वाढलेल्या मुलांसोबतही त्यांनी काम केलं. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२० मध्ये त्यांचं निधन झालं.

अडचण कुठे आहे?

वर सांगितलेली नव्यांसाठीची तिन्ही व्यासपीठं महाराष्ट्राबाहेर उभी राहिली. नवी मुंबईच्या डान्सरला तिथे जायचं तर प्रवास, मुक्काम आणि तालमीच्या हॉलचं भाडं आधी स्वतःच्या खिशातून. म्हणजे अनेकदा कौशल्याआधी पैसे आडवे येतात. म्हणूनच शहरात असा एखादा महोत्सव होतो, तेव्हा तिकीट काढून येणारा प्रेक्षकही नव्या कलाकाराला उभं करत असतो.

सुरुवात कधी करायची? २९ एप्रिल हा आंतरराष्ट्रीय नृत्य दिन. १९८२ पासून तो साजरा होतो आणि त्या सुमारास अनेक शहरांत नृत्याचे कार्यक्रम असतात. पाहताना ‘याचा अर्थ काय?’ यात अडकू नका. शरीर कुठे थांबतं, कुठे तोल सोडतं, तिकडे लक्ष द्या.