देणगी आणि तिची नोंद : १९५७ च्या एका निकालपत्राच्या निमित्ताने

राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या घटनापत्रात दुरुस्ती करण्याची परवानगी मागितली, आणि एका भागधारकाच्या विरोधामुळे ते प्रकरण १९५७ साली मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यासमोर अपिलात आले. कायद्यात मनाई नसल्याने छागलांनी परवानगी नाकारली नाही. निकालपत्राचा स्वर मात्र परवानगी देणाऱ्याचा नाही. नुकत्याच रुजू लागलेल्या लोकशाहीचे झरेच अशा पैशाने गढूळ होतील, ही धास्ती त्यात उघडपणे व्यक्त होते आणि संसदेने या प्रश्नाचा विचार करावा, असे आवाहनही येते. निर्णय एका दिशेला आणि युक्तिवादाचा ओढा दुसऱ्या दिशेला, अशी ही दुभंगलेली संहिता आहे. त्याच सुमारास कलकत्ता उच्च न्यायालयात इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या अर्जावर न्या. पी. बी. मुखर्जी यांनी हीच शंका अधिक तिखट उपहासाने मांडली. दोन्ही निकालपत्रे शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत.

संसदेने १९६० साली देणगीवर मर्यादा घातली व रक्कम आणि पक्षाचे नाव नफा-तोटा पत्रकात दाखवणे बंधनकारक केले. १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदीच आली. ती १९८५ पर्यंत टिकली. पैसा मात्र थांबला नाही, त्याने वाट बदलली. महाराष्ट्रात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या विश्वस्त संस्थेला मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा संबंध न्या. लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये ग्राह्य धरला आणि अंतुले पायउतार झाले. विश्वस्त संस्था म्हणजे पक्ष नव्हे, हे खरे. पण बंदीने काय साधले, हे तिथेच दिसते. फौजदारी खटला पुढे कोणत्या न्यायालयाने चालवावा, या वादातच गुंतला. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींना त्यावर निर्णय द्यावा लागला.

२०१७ च्या वित्त अधिनियमाने कंपन्यांवरील साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली आणि पक्षाचे नाव सांगण्याची अटही रद्द केली. म्हणजे १९६० ची नोंदच पुसली गेली. निवडणूक रोखे त्यानंतरचे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सारी व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. पुढच्या महिन्यात प्रथम देणगीदारांची एक आणि पक्षांची दुसरी, अशा दोन सुट्या याद्या बाहेर आल्या. त्यांना जोडणारे रोख्यांचे क्रमांक स्टेट बँकेने न्यायालयाच्या कानउघाडणीनंतरच दिले.