बर्फातले अंतर : स्नोमोबाइल आणि तिच्या टू-स्ट्रोक इंजिनाची कहाणी

१/ कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील व्हॅलकूर हे छोटे गाव. १९३४ चा हिवाळा. जोसेफ-आर्मां बोंबार्दिये या तरुण यंत्रकाराचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्याने तळमळत होता. शेरब्रुकचे रुग्णालय सुमारे ५० किलोमीटरवर. पण हिमवर्षावाने रस्ते बुजले होते. मुलगा वाचला नाही.

२/ बर्फावर चालणाऱ्या वाहनाचा ध्यास त्याला आधीपासूनच होता. वडिलांनी दिलेले, मोडीत निघालेले फोर्डचे इंजिन दुरुस्त करून त्याने १९२२ च्या अखेरीस, वयाच्या पंधराव्या वर्षी, पंख्याच्या जोरावर धावणारी घसरगाडी बनवली होती. १९३४ नंतर मात्र हा छंद उरला नाही; ते जीवितकार्य झाले.

३/ १९३७ मध्ये त्याने दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा पट्टा यांच्या रचनेचे पेटंट मिळवले. त्यातून सात आसनांची ‘बी-७’ हिमगाडी उभी राहिली आणि हिवाळ्यात अडकून पडणाऱ्या खेड्यांना बाहेरची वाट मिळाली. परंतु १९४८ मध्ये क्युबेकने ग्रामीण रस्त्यांवरील बर्फ हटवण्याचा कायदा केला आणि या मोठ्या गाड्यांची मागणी घसरली.

४/ बोंबार्दिये मग जुन्या कल्पनेकडे वळला : एकदोन माणसांची हलकी गाडी. तिला वजनाने कमी असलेले इंजिन हवे होते. १९५९ मध्ये ‘स्की-डू’ बाजारात आली. आरंभीच्या गाड्यांत फोर-स्ट्रोक इंजिन होते. पुढे ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीचे टू-स्ट्रोक इंजिन त्यांत बसवले गेले.

५/ टू-स्ट्रोकची रचना साधी. झडपांची यंत्रणा नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट हे मुख्य हलते भाग. क्रँकच्या प्रत्येक फेरीत एकदा स्फोट होत असल्याने कमी वजनात अधिक शक्ती मिळते. वंगणही पेट्रोलबरोबरच आत जाते. रस्त्यांवरच्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचे तत्त्व हेच.

६/ याच साधेपणात धोकाही दडलेला आहे. कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते. कार्बोरेटरचा जेट त्यानुसार बदलला नाही, किंवा क्रँकच्या सीलमधून बाहेरची हवा आत शिरू लागली, तर इंधन अपुरे पडते. पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरला घासतो आणि इंजिन जाम होते.

७/ असे इंजिन पुन्हा उभे करणे म्हणजे केवळ नवा पिस्टन घालणे नव्हे. सिलिंडरवरचे ओरखडे तपासावे लागतात. ते खोल असतील तर बोअर वाढवून मोठ्या मापाचा पिस्टन व रिंगा बसवाव्या लागतात. क्रँकची बेअरिंग धुऊन पाहावी लागतात, सील बदलावे लागतात. शेवटी बंद इंजिनात हवेचा दाब भरून गळती शोधावी लागते. मूळ कारण तसेच राहिले, तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो.

८/ या यंत्राची मोठी कसोटी १९६८ मध्ये लागली. अमेरिकेतील मिनेसोटाचा विमा-व्यावसायिक राल्फ प्लेस्टेड स्की-डूंवरून उत्तर ध्रुवाकडे निघाला. आदल्या वर्षीचा त्याचा प्रयत्न फसला होता. या वेळी सोबत यंत्रज्ञ वॉल्ट पेडरसन होता आणि बोंबार्दियेचा पुतण्या जाँ-ल्यूकही होता. रसद विमानाने येत असे. गाडी चालती ठेवणे मात्र बर्फावरच्या माणसांच्याच हाती होते. एप्रिलमध्ये पथक ध्रुवावर पोहोचले आणि अमेरिकी हवाई दलाच्या विमानाने त्यांच्या स्थानाची खात्री केली. बर्फावरून ध्रुव गाठणारी ही पहिली निर्विवाद मोहीम मानली जाते, कारण पिअरीच्या १९०९ च्या दाव्यावर आजही वाद आहे.

९/ याच दशकात आर्क्टिकमधील इन्युइट शिकाऱ्यांकडे कुत्र्यांच्या घसरगाड्यांची जागा स्नोमोबाइल घेऊ लागली. वेग वाढला, पण परावलंबनही वाढले. दमलेला कुत्रा विसाव्याने उभा राहतो. जाम झालेल्या इंजिनाला सुटा भाग आणि जाणता हात लागतो. म्हणूनच शिकाऱ्याला कारागीरही व्हावे लागले.

१०/ बोंबार्दिये १९६४ मध्ये वारला. ध्रुवाची मोहीम त्याने पाहिली नाही. त्याच्या यंत्राने ५० किलोमीटरची ती जीवघेणी वाट जवळ आणली. मात्र उजाड हिमप्रदेशात इंजिन बंद पडले, की तेच अंतर पुन्हा समोर उभे ठाकते. तेव्हा ते कापण्याचे सामर्थ्य यंत्रात नसते, ते उघडून पुन्हा जोडणाऱ्या माणसात असते.